इंजेक्शन विहीर पाणी घेईना: ॲसिड मागवण्याआधी काय तपासावं

इंजेक्शन विहीर म्हणजे तेलक्षेत्रात पाणी खाली खडकात ढकलायची विहीर. ती पाणी घेईनाशी झाली तर आधी लक्षणं. आपल्या विहिरीला यातलं कोणतं लागू पडतंय ते ठरलं की पुढचा निम्मा शोध वाचतो.

दाब तोच आहे, पण पाणी रोज थोडं थोडं कमी जातंय. किंवा पाणी तेवढंच ठेवायचं म्हणून दर आठवड्याला पंपाचा दाब वाढवावा लागतोय. हे महिनोन्महिने सावकाश चाललं असेल तर पहिला संशय पाण्यातल्या गाळावर, तेलावर, गंजावर.

काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत विहिरीनं एकदम मान टाकली. मग गाळाच्या मागे लागू नका. पाणीच बदललं आहे: स्रोत, क्षारता किंवा एखादं रसायन.

घसरण पायऱ्या-पायऱ्यांनी होतेय, आणि प्रत्येक पायरी पंप बंद पडून पुन्हा सुरू झाला त्याच दिवशीची आहे. पाइपलाइन बघा.

ॲसिड दिलं की विहीर ठणठणीत, दोन महिन्यांत ये रे माझ्या मागल्या, आणि दर खेपेला हे दोन महिने आखडत जातात. माझ्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच.

शेवटचं लक्षण लोक लक्षण म्हणून धरतच नाहीत. काहीही न करता विहीर अचानक जास्त पाणी घ्यायला लागते. रोजच्या तक्त्यात आकडा छान दिसतो, पण बहुतेक वेळा याचा अर्थ खाली खडकाला भेग पडली असा असतो, आणि पाणी नको त्या थरात चाललेलं असू शकतं.

खडक हीच गाळणी

प्रवाह, दाब आणि पारगम्यता (खडकातून पाणी किती सहज जातं ते) यांचा जो नियम आपण रोज वापरतो, तो डार्सी यांनी १८५६ मध्ये मांडला तो फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना, वाळूच्या गाळणीतून पाणी सोडून. इंजेक्शन विहिरीचं दुखणं मुळात तेच आहे. वर पाणी साफ करायच्या प्लांटमध्ये जे अडवलं नाही ते खाली खडक अडवतो, आणि हा खडक काही बदलता येणारं कार्ट्रिज नव्हे.

‘लिटरमागे ५ मिलिग्रॅम गाळ म्हणजे काहीच नाही’ असं कुणी म्हणालं की मी कागदावर हिशोब मांडून दाखवतो. दिवसाला १००० घनमीटर पाणी, लिटरमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ५ किलो. वर्षाला १८२५ किलो. घनता २.६ धरली तर ०.७ घनमीटर, आणि गाळ सैल बसतो म्हणून जागा साधारण दुप्पट, १.४ घनमीटर. आता २० सेंटिमीटर व्यासाची, पाणी घेणारा भाग १० मीटरचा अशी विहीर घ्या. त्या भागाची सगळी पोकळीच ०.३ घनमीटरच्या आसपास. वर्षभरात ती चार वेळा गाळानं भरेल एवढा माल आपण स्वतःच्या हातानं खाली पाठवतो.

आणि नुकसान होतं ते विहिरीला लागून असलेल्या हातभर खडकात. पाणी चारी दिशांना पसरत जातं, त्यामुळे दाबाचा मोठा हिस्सा पहिल्या काही फुटांतच खर्च होतो. विहिरीची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि भोवतालच्या फक्त २० सेंटिमीटर जाडीच्या कड्यात पारगम्यता दहाव्या हिश्शावर आली असं धरा. स्किन, म्हणजे विहिरीलगतच्या नुकसानीचं माप, जवळजवळ १० येतो. रिझर्व्हॉयर, म्हणजे तेल-पाणी धरणारा खालचा खडक, ३०० मीटरपर्यंत पसरलेलं असलं तरी विहीर निम्म्याहून कमी पाणी घेईल. उरलेला २९९ मीटर खडक नवाकोरा असून उपयोग शून्य.

फुकटातली तपासणी: गेज आणि जुन्या नोंदी

सगळ्यात आधी प्रेशर गेज आणि फ्लोमीटर. हसू नका. अडकलेला चोक (प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह), अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, वेलहेडवरची (विहिरीच्या तोंडावरची) चोंदलेली जाळी आणि खोटं बोलणारं गेज यांनी मला कितीदा तरी फुकट पळवलंय. माहितीतलं, नुकतंच कॅलिब्रेट केलेलं गेज लावून बघा. मीटर चुकत असेल तर पुढची प्रत्येक तपासणी चुकीच्या पायावर उभी राहते.

मग हॉल प्लॉट. १९६३ मध्ये हॉल यांनी सुचवलेली ही पद्धत आजही सर्वांत स्वस्त आहे, कारण लागणारे आकडे तुमच्या वहीत आधीच असतात. उभ्या अक्षावर दाब गुणिले दिवस यांची चढती बेरीज, आडव्यावर आजवर गेलेलं एकूण पाणी. रेघ सरळ असेल तर विहीर ठीक. वर वळली तर चोंदतेय. खाली झुकली तर भेग पडली किंवा पाणी दुसरीकडे पळतंय. अगदी सुरुवातीच्या काळातल्या वळणावर मात्र विसंबू नका. विहीर स्थिरावायची असते तेव्हा ती रेघ तशीही वाकडीच येते. रोजच्या आकड्यांत कळत नाही ते या रेघेत कळतं: वळण कोणत्या आठवड्यात सुरू झालं. तो आठवडा धरायचा आणि प्लांटच्या लॉगबुकात बघायचं की त्या दिवसांत काय बदललं.

इथेच दोन खोटे संशयित बाजूला काढा. रिझर्व्हॉयरचा दाब वाढला असेल तर त्याच पंपदाबाला कमी पाणी जाणारच. यात चोंदण्याचा संबंध नाही. दुसरा संशयित तापमान. २० अंश सेल्सिअसच्या पाण्याची स्निग्धता ६० अंशांच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त असते. थंड पाणी ढकलत राहिलं की विहिरीभोवतीचा गरम खडक थंड होत जातो आणि पाणी जड चालतं. उलट याच थंडाव्यानं खडकातला ताण उतरून भेगही पडू शकते. दोन्ही गोष्टी ॲसिडनं सुटत नाहीत.

नमुना विहिरीवर घ्या, प्लांटवर नाही

या पोस्टमधलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर वरचं मथळ्यातलं ठेवा. प्लांटमधून बाहेर पडलेलं पाणी आणि विहिरीत शिरणारं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. मधे काही किलोमीटर पोलादी पाइप आहे, त्यात गंज आहे, बुळबुळीत थर आहे, जिथे पाणी साचून राहतं अशा बंद फांद्या आहेत.

चाचणी साधी आहे. ०.४५ मायक्रॉनचा मेम्ब्रेन कागद होल्डरमध्ये बसवायचा आणि दाब २० पीएसआय कायम ठेवून पाणी सोडायचं. किती मिलिलिटरला किती सेकंद लागले ते लिहीत जायचं. चांगलं पाणी लिटरभर गेलं तरी वेग फारसा सोडत नाही. वाईट पाणी दोन-तीनशे मिलिलिटरमध्येच कागद बंद करून टाकतं. नंतर कागद डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचा, नाहीतर सुकलेलं मीठच गाळ म्हणून वजनात येतं. सुकवून वजन. मग झायलीननं धुऊन परत वजन: जो फरक पडला ते तेल.

वजनाइतकाच रंग बोलतो. तांबूस-तपकिरी म्हणजे गंज, ऑक्सिजन शिरतोय. काळा म्हणजे बहुधा लोह सल्फाइड, आणि त्यामागे सल्फेटवर जगणारे जीवाणू किंवा हायड्रोजन सल्फाइड. राखाडी-मातकट आणि ॲसिडलाही न जुमानणारा म्हणजे चिकणमाती किंवा बारीक वाळू. पांढुरका आणि ॲसिडच्या थेंबानं फसफसणारा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बोटाला चिकट लागणारा तपकिरी थर सर्वांत वाईट: तेलानं माखलेला गाळ. तो खडकावर लेपासारखा बसतो आणि ॲसिड त्याच्या आत पोचतच नाही. काळ्या कागदावर ॲसिडचा थेंब टाकायचा असेल तर फ्यूम हूडखालीच टाका. कुजक्या अंड्यांचा वास येतो तो वायू विषारी आहे, आणि हवेत १०० पीपीएमच्या आसपास तो नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजू नका.

हे सगळं वाहत्या लाइनवर, जागच्या जागी करायचं. एका विहिरीवर तीन वेळा ॲसिड झाल्यावर मला बोलावलं होतं. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘तपकिरी, लोहाचा ऑक्साइड’ असं होतं, म्हणून सगळे ऑक्सिजनच्या मागे लागले होते. मी वेलहेडवर होल्डर लावला, नमुन्याचा नळ पाच मिनिटं वाहू दिला आणि कागद काढला तर डांबरासारखा काळा. तोच कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला, गप्पा मारेपर्यंत त्याच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. बाटलीत भरून शहरात पोचेपर्यंत हवेनं लोह सल्फाइडचं रूपच बदललेलं असायचं. खरा चोर ऑक्सिजन नव्हता. प्लांट आणि विहीर यांच्या मधल्या एका बंद फांदीत जीवाणूंनी घर केलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं वर्षभर चाललेलं.

लाइन, ऑक्सिजन, जीवाणू, रसायनं

कागद प्लांटवर पांढरा आणि विहिरीवर मळका असेल तर पाइप पिग करून (आतून खरवडणारा गोळा सोडून) घ्या, बंद फांद्या फ्लश करा. पंप बंद पडून सुरू झाला की पहिलं पाणी विहिरीत सोडू नका, वेगळ्या टाकीत वळवा. नळातून रंग गेला की मग विहिरीकडे. यासाठी फक्त एक व्हॉल्व्ह आणि थोडा धीर लागतो, आणि पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणाऱ्या विहिरींपैकी बऱ्याच एवढ्यावर थांबतात.

विरघळलेला ऑक्सिजन अब्ज भागांत १० ते २० भागांच्या खाली ठेवतात. तोही विहिरीवर मोजा. पंपाच्या सक्शन बाजूचं एखादं गळकं सील हवा ओढत असतं आणि प्लांटच्या मीटरला त्याचा पत्ता नसतो.

रसायनांची गंमत वेगळी. प्रत्येक रसायन आपापल्या माहितीपत्रकात उत्तम असतं. भांडण एकत्र आल्यावर होतं. क्लोरीन उरलेलं असताना पुढे ऑक्सिजन खाणारं बायसल्फाइट घातलं की दोघं एकमेकांना संपवतात. ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाचंही बायसल्फाइटशी जमत नाही. तुम्ही डोस दिलात, पण विहिरीपर्यंत औषध पोचलंच नाही. धनभारित गंजरोधक आणि ऋणभारित स्केलरोधक (क्षारांचा थर बसू न देणारं रसायन) जवळजवळ सोडले तर चिकट गोळा तयार होतो आणि तो थेट विहिरीच्या पाइपाला खडकाकडे पाडलेल्या भोकांत जाऊन बसतो. म्हणून डोसिंगच्या जागांचा क्रम कागदावर काढा आणि एका बाटलीत सगळी रसायनं त्याच प्रमाणात, त्याच पाण्यात मिसळून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला काय दिसतंय त्यावर बरंच ठरतं.

गाळ नाही, तरी विहीर बंद

कागद स्वच्छ आणि विहीर तरीही बसली, तर दोन शक्यता उरतात आणि दोन्हींचं मूळ पाण्याच्या रसायनात आहे.

पहिली, चिकणमाती. वाळूखडकाच्या छिद्रांत केओलिनाइटच्या पापुद्र्या कडांना चिकटून असतात. खारट पाण्यात त्या जागेवर राहतात. पाणी अचानक गोडं झालं की त्यांना धरून ठेवणारं विद्युत-आकर्षण सैल पडतं, त्या सुटतात आणि पुढच्या चिंचोळ्या गळ्यात अडकतात. स्मेक्टाइट जातीची माती तर जागीच फुगते. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या बेरिया वाळूखडकावर ही मर्यादा मोजलेली आहे: साध्या मिठाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४ ग्रॅमच्या खाली क्षारता गेली की कण सुटू लागतात आणि पारगम्यता कोसळते. तुमच्या खडकाचा आकडा वेगळा असेल, तो कोअरवरच्या (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यावरच्या) चाचणीतूनच काढावा लागतो. वाईट भाग असा की पुन्हा खारं पाणी सोडलं तरी अडकलेले कण परत जागेवर जाऊन बसत नाहीत. स्रोत बदलायचाच असेल तर क्षारता टप्प्याटप्प्यानं उतरवा. पाणी बदललं आणि त्याच दिवशी विहीर बसली असं लॉगबुक सांगत असेल, तर आणखी पाणी ढकलून ‘मोकळं होतंय का’ बघू नका. तिथेच थांबा.

दुसरी, स्केल. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे २७०० मिलिग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं. खडकातल्या किंवा तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्यात बेरियम असेल तर दोन्ही भेटताच बेरियम सल्फेट बसतं, आणि ते हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळत नाही. निव्वळ समुद्राचं पाणी ढकलत असाल तर ही भेट विहिरीपासून पुढे सरकत जाते. पण दोन्ही पाणी वर टाकीत मिसळून एकत्र ढकलत असाल तर भेट तुमच्या पाइपात आणि भोकांतच होते. कॅल्शियम कार्बोनेटचं वागणं उलटं: पाणी तापलं की ते जास्त बसतं, म्हणून वर स्वच्छ दिसणारं पाणी खाली पोचता पोचता पांढरं होऊ शकतं. दोन्ही पाण्यांचं पूर्ण विश्लेषण करा आणि खालच्या तापमानाला बाटलीत मिसळून बघा.

फिल्टर खडकाला जुळतोय का

पारगम्यतेचं मिलीडार्सी या एककातलं वर्गमूळ म्हणजे छिद्रांच्या गळ्याचा मायक्रॉनमधला अंदाज, असा एक ढोबळ अडाखा आहे. १०० मिलीडार्सी असेल तर १० मायक्रॉन. गळ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा कण तोंडावरच अडतो आणि बाहेर थर धरतो. सातव्या हिश्शाहून लहान असला तर बहुधा पार निघून जातो. मधले, या उदाहरणात साधारण १.४ ते ३.३ मायक्रॉनचे, आत शिरतात आणि आतच अडकतात. बाहेरचा थर धुता येतो. आतला काढणं महाकठीण. म्हणून २५ मिलीडार्सीच्या खडकासाठी ५ मायक्रॉनचा फिल्टर लावून निर्धास्त राहणं धोक्याचं, ०.७ ते १.७ मायक्रॉनचे नेमके घातक कण त्यातून आरामात जातात. फिल्टरवर ‘नॉमिनल’ लिहिलंय की ‘ॲब्सोल्यूट’ तेही बघा. नॉमिनल ५ म्हणजे ५ मायक्रॉनचे सगळे कण अडतील अशी हमी नसते.

बार्कमन आणि डेव्हिडसन यांनी १९७२ मध्ये मेम्ब्रेन चाचणीच्या उतारावरून विहिरीचं अर्धायुष्य, म्हणजे पाणी घेण्याची ताकद निम्म्यावर यायला लागणारा काळ, काढायची रीत दिली. अंदाज तंतोतंत येत नाही, पण फिल्टरवर खर्च करू की दरवर्षी ॲसिडवर, या वादात तो आकडा टेबलावर ठेवला की आवाज खाली येतात.

इथे हात थांबवा

वरच्या सगळ्या तपासण्या विहिरीवरचा प्रशिक्षित माणूस नेहमीच्या परवान्यात करू शकतो. यापुढचं काम तज्ज्ञ पथकाचं आहे.

विहीर उलटी वाहवून तोंडावरचा थर काढणं, म्हणजे बॅकफ्लो, सोपा वाटतो आणि पुष्कळदा उपयोगीही पडतो. पण सैल वाळूच्या खडकात एकदम व्हॉल्व्ह उघडला तर वाळू आत येते आणि विहीर कायमची जाते. परत येणाऱ्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. वेल-सर्व्हिसचं पथक, गॅस डिटेक्टर आणि लेखी परवाना नसेल तर करू नका.

चोंदलेल्या विहिरीत पाणी बसवण्यासाठी दाब चढवत जाणं हा सर्वांत मोठा मोह. भेग पडण्याच्या दाबाच्या जवळ पोचलात की थांबा. ती मर्यादा स्टेप-रेट चाचणीनं (पाणी टप्प्याटप्प्यानं वाढवत दाब बघून) काढतात आणि ती चाचणी रिझर्व्हॉयर इंजिनिअरच्या देखरेखीखाली होते. खरंच खडक बिघडलाय की नुसती भोकं चोंदलीत, हे फॉल-ऑफ चाचणी (इंजेक्शन थांबवून दाब कसा उतरतो ते बघणं) आणि इंजेक्शन प्रोफाइल लॉग (कोणत्या थरात किती पाणी जातं त्याची नोंद) सांगतात. तेही त्यांचंच काम.

ॲन्युलसचा, म्हणजे पाणी खाली नेणारं ट्यूबिंग आणि बाहेरचा पाइप यांच्या मधल्या जागेचा, दाब चढताना दिसला तर तपासणी नाही, चर्चा नाही. इंजेक्शन बंद करा आणि वेल इंटिग्रिटीच्या माणसाला फोन करा. ट्यूबिंग किंवा पॅकर (ती मधली जागा खाली बंद करणारं सील) गळत असू शकतो.

ॲसिड तर स्वतःच्या डोक्यानं कधीच नको. हायड्रोफ्लोरिक असलेलं मिश्रण कार्बोनेटला भेटलं तर कॅल्शियम फ्लोराइड बसतं. गंज विरघळवलेलं ॲसिड खर्ची पडून त्याचा पीएच २ च्या वर गेला की तेच लोखंड खडकात खोलवर पुन्हा साका धरतं. तेलकट लेपावर आधी सॉल्व्हंट लागतं. यातलं काय वापरायचं हे खडकाच्या खनिजांवर आणि तुमच्या मळक्या कागदांवर ठरतं. म्हणून पथक आलं की हॉल प्लॉट, पाण्याची विश्लेषणं, कोअरचा खनिज अहवाल आणि ते मेम्ब्रेन कागद हातात द्या. कागद वेगवेगळ्या बंद पाकिटांत ठेवा. पाकिटावर तारीख, कुठला नळ, किती मिलिलिटर गेलं आणि होल्डरमधून काढताना रंग कोणता होता ते लिहा. पाकीट उघडेपर्यंत तो रंग राहिलेला नसतो.